तुझ्या सत्तावीस नावांबद्दल

प्रिय मुली,

तू तुझ्या गाण्यासाठी पाठवलेली सत्तावीस नावं दोनदा वाचली. 'स्पंदन', 'ओढ', 'विरहगंध'... वाईट एकही नाही, पण संध्याकाळपर्यंत मला त्यातलं एकही आठवेना. आपल्याकडे गाण्याला वेगळं नाव ठेवायची रीत मुळातच कमी. अभंग असो, लावणी असो की भावगीत, लोक ते मुखड्याच्या पहिल्या तीन-चार शब्दांनी ओळखतात. कार्यक्रमात फर्माइशीची चिठ्ठी येते, तीवरही तेच शब्द असतात. म्हणून नाव शोधत बसू नकोस, मुखडा शोध.

तरुणपणी मी एका गाण्याला 'प्रतीक्षा' असं नाव दिलं होतं. तालमीला आमचे पेटीवाले विचारायचे, "ते 'येतो म्हणालास ना' घ्यायचं का?" ती ओळ दुसऱ्या अंतऱ्यात दडलेली होती. मला राग यायचा. मग एका रात्री ती उचलून वर आणली, तिच्याखाली दोन्ही अंतरे नव्यानं लिहिले, आणि तेव्हा कुठं ते गाणं उभं राहिलं.

ती ओळ मला सुचलेली नव्हतीच. ती आजीची. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हा तिचा दंडक. आपली भाषा अशा शब्दांनी भरलेली आहे बघ. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. तोंडानं एक बोलायचं आणि मनात दुसरंच असायचं. या दोहोंच्या मध्ये जी जागा राहते ना, तिथं गाणं असतं. 'विरहगंध'मध्ये तशी जागाच नाही. सगळं आधीच सांगून टाकलंय.

बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. संसाराबद्दल सांगताना त्यांनी समोरचा चुलीवरचा तवा घेतला: आधी हाताला चटके, मग भाकर. जात्यावरच्या ओव्याही ऐक. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या संशोधकांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या पुष्कळ 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या बायांच्याच आवाजात आहेत. पहिली ओळ कशी धरतात, हे मी तिथं जेवढं शिकलो तेवढं दुसरीकडे कुठंच नाही.

आणि शब्द वहीत चांगला दिसला म्हणून घेऊ नकोस, तोंडात घोळव. 'येतो म्हणालास ना' लघु-गुरू धरून मोज: बारा मात्रा, म्हणजे सहा मात्रांच्या दादरा तालाची बरोबर दोन आवर्तनं. शेवटचा 'ना' मोकळा आहे, गाणारीला तो हवा तेवढा लांबवता येतो. 'विरहगंध' म्हणताना शेवटी आवाज 'ध'वर अडतो. संगीतकार त्यातूनही वाट काढेल, पण पहिल्याच ओळीत त्याला का अडवायचं?

दुसऱ्या कुणाचं तसंच नाव आधी आहे का, हे शोधून घे. पण ते शेवटी.

आठवडाभर नवं काही लिहू नकोस. रेशनच्या रांगेत, एसटीत, आई मावशीशी फोनवर बोलत असेल तेव्हा, माणसं सहज बोलून जातात ती वाक्यं टिपून ठेव, जशीच्या तशी. रविवारी फोन कर आणि त्यातलं एक मला दादऱ्यात म्हणून दाखव.

तुझा,
काका