कळतं सगळं, लिहायला बसलं की जमत नाही

"मॅडम, मला कळतं सगळं. वर्गात विचारलं तर उत्तर देते, शेजारच्यांना समजावूनही सांगते. पण लिहायला बसले की सगळं जातं कुठे?"

त्या परिचारिका होत्या. वय ४३, वॉर्डातला अनुभव २० वर्षांचा, आणि नोकरी सांभाळून पदवीचा अभ्यासक्रम सुरू केलेला. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.) कामाच्या ठिकाणी सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणू लागले. पिशवीतून त्यांनी परत आलेला २५०० शब्दांचा निबंध काढला. गुणांचा आकडा दिसू नये म्हणून शेवटचं पान आतल्या बाजूला दुमडलेलं होतं. मार्गदर्शकांचा शेरा एवढाच : 'माहिती पुष्कळ आहे, विश्लेषण नाही. तुमचा मुद्दा कोणता?'

"मुद्दा कोणता म्हणजे काय? सगळे मुद्दे तर लिहिलेत!" हे म्हणताना त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. मग जे विचारायला त्या खरं तर आल्या होत्या ते विचारलं : "वय झालं का हो माझं?"

मोठेपणी पुन्हा शिकायला लागलेली माणसं अभ्यासाच्या लेखनात मदत मागायला माझ्याकडे येतात तेव्हा त्यातले बरेच जण कधी ना कधी हे विचारतात. त्यांना मी जे सांगते तेच सिस्टरांना सांगितलं. वयाबरोबर विचार करण्याचा वेग हळूहळू कमी होतो, हे खरं आहे. नवीन गोष्ट पाठ करायला थोडा जास्त वेळ लागेल. पण शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेली जाण चाळिशीत ओसरत नाही, बहुतेकांची पुढेही वाढत राहते. आणि निबंधाला नेमकी तीच लागते. दुसरी एक शंका मात्र मी आधी दूर करून घेते. वाचनच लहानपणापासून संथ आहे का, ओळी सुटतात का, अक्षरं उलटसुलट होतात का? तसं असेल तर तज्ज्ञांकडून वाचनअक्षमतेची तपासणी करून घ्यायला हवी. ती मोठेपणीही करता येते आणि पुष्कळांना पहिल्यांदा तेव्हाच कळतं. सिस्टरांच्या बाबतीत तसं काही नव्हतं. औषधांच्या बारीक अक्षरांतल्या चिठ्ठ्या त्या माझ्यापेक्षा भराभर वाचत.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली. त्यांची घाबरगुंडी बघून मी त्यांना साचा दिला : प्रस्तावना, तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक उदाहरण, समारोप. दोन आठवड्यांनी त्या नवीन मसुदा घेऊन आल्या. साचा काटेकोर भरलेला होता आणि निबंध आधीपेक्षा निर्जीव झाला होता. घाबरलेल्या माणसाला रिकामे चौकोन दिले की तो ते भरतो. काय म्हणायचं आहे हे तो स्वतःला विचारत नाही, कारण चौकोन ते विचारत नाहीत.

त्या मसुद्यातला हा परिच्छेद :

'रुग्ण पडणे ही एक गंभीर समस्या आहे. खाटेचे कठडे हा त्यावरील एक महत्त्वपूर्ण उपाय मानला जातो. काही अभ्यासकांच्या मते कठड्यांमुळे रुग्णांची सुरक्षितता वाढते. तर काही अभ्यासकांच्या मते कठड्यांचे तोटेही आहेत. त्यामुळे कठड्यांचा योग्य प्रकारे वापर करणे आवश्यक आहे.'

यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण हे कोणीही लिहू शकलं असतं. रात्रपाळीत २० वर्षं काढलेल्या बाईची एकही खूण त्यात नव्हती. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं? कठडे लावावेत?"

"अहो, कठडा लावला म्हणून माणूस थांबतो थोडाच! त्याला लघवीला जायचं असतं. झोपेत, औषधाच्या गुंगीत भान नसतं. तो कठड्यावरून पाय टाकतो आणि मग खाटेच्या नाही, कठड्याच्या उंचीवरून पडतो. त्यापेक्षा रात्री दोन-तीनदा जाऊन 'बाथरूमला जायचंय का' असं विचारा ना त्याला!"

मी हे जसंच्या तसं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे लिहायचं? हे तर मी बोलले."

प्रौढ विद्यार्थ्यांची अडचण मला इथेच सापडते. अभ्यासाचं लेखन म्हणजे आपल्या कामापेक्षा वेगळ्या, वरच्या कुठल्या तरी भाषेत बोलणं, अशी त्यांची समजूत असते. मग स्वतःचं म्हणणं ते दाराबाहेर ठेवून आत येतात. कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या संशोधकांनी १९८७मध्ये लेखनाच्या दोन तऱ्हा सांगितल्या होत्या. एकीत माणूस आठवेल ते, आठवेल त्या क्रमाने कागदावर उतरवतो. दुसरीत तो लिहिता लिहिता आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टींशी झटापट करतो, त्यांची फेरमांडणी करतो. 'विश्लेषण नाही' हा शेरा मारणाऱ्या मार्गदर्शकांना ही दुसरी तऱ्हा हवी असते. पण ती कशी दिसते, हे विद्यार्थ्याला कोणी दाखवलेलं नसतं. नुसतं 'विश्लेषण करा' म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला 'तरंगा' म्हणण्यासारखं आहे. याचा मला मनापासून राग येतो, कारण अशा एका शेऱ्यावर शिक्षण सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत.

सिस्टरांना ही दुसरी तऱ्हा येत होती, फक्त कागदावर नव्हे. पाळी बदलताना त्या हँडओव्हर देत, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सांगत, तेव्हा रुग्णाची आत्ताची स्थिती, मागची पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि पुढे काय करावं, अशा क्रमाने बोलत. हा क्रम जगभरच्या रुग्णालयांत शिकवला जातो आणि त्याचं मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत आहे. मी म्हटलं, "म्हणजे माहितीतून निष्कर्षाकडे जायचं काम तुम्ही रोज करता. मग निबंधात अडतं कुठे?"

त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "समोरच्या सिस्टरला सगळं सांगावं लागत नाही. तिला कळतं."

इतकं नेमकं उत्तर मला स्वतःला सुचलं नसतं. स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञाने १९५८मध्ये युक्तिवादाचे भाग सांगताना दावा, त्याचा आधार आणि आधारावरून दाव्यापर्यंत नेणारा दुवा अशी फोड केली होती. हँडओव्हरमध्ये हा दुवा न बोलताच चालतो, कारण ऐकणारी त्याच वॉर्डातली असते. 'चार नंबरला गुंगीचं औषध चालू आहे, लक्ष ठेव,' एवढं पुरतं. निबंधाच्या वाचकाला मात्र गुंगीवरून पडण्यापर्यंत हात धरून न्यावं लागतं. त्यांचे निम्मे दुवे डोक्यातच राहत होते आणि कागदावर सुट्टी वाक्यं पडत होती.

त्यानंतरच्या दोन भेटी आम्ही एका छापील लेखावर घालवल्या. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात पेन्सिलने लिहायचं, पण परिच्छेद काय सांगतो ते लिहायचं नाही, तो काय करतो ते लिहायचं. सुरुवातीला त्यांच्याकडून 'पडण्याबद्दल आहे' असंच येत होतं. तासाभराने समासात दिसू लागलं : 'आधीच्यांचं म्हणणं मांडतो', 'त्यात काय सुटलं ते दाखवतो', 'विरोधी मत मान्य करतो, पण अर्धंच', 'इथे स्वतः बोलतो'. शेवटची नोंद केल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे हा माणूस मध्येच गप्प बसतो आणि मध्येच बोलतो. मी पूर्ण वेळ गप्प आहे."

मग आम्ही एकत्र लिहिलं. पेन माझ्या हातात, सांगणार त्या. १९८०च्या दशकात सिडनीत काही भाषातज्ज्ञांनी आणि शिक्षकांनी ही रीत विकसित केली : आधी नमुना उलगडून दाखवायचा, मग शिक्षक-विद्यार्थ्याने मिळून तसा मजकूर लिहायचा आणि त्यानंतर विद्यार्थ्याला एकट्याला सोडायचं. मधली पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, कारण तिला वेळ लागतो. मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. वाक्य बनताना कसं अडखळतं, कसं मोडून पुन्हा बांधलं जातं, हे तिथे डोळ्यांसमोर घडतं. मी एका वाक्यावर चार वेळा काट मारली तेव्हा सिस्टर थक्क झाल्या. त्यांना वाटत होतं, येणाऱ्यांना ते एकदम येतं.

त्या बैठकीत तयार झालेला परिच्छेद :

'कठडे रुग्णाला वाचवतात असे म्हणताना रुग्ण झोपेत घरंगळून पडतो, हे गृहीत धरलेले असते. परंतु रात्री पडणारे अनेक रुग्ण स्वतःहून उठण्याच्या प्रयत्नात असतात. अशा रुग्णाला कठडा थांबवत नाही. तो ओलांडताना पडण्याची उंची मात्र वाढते. म्हणून कठडा लावावा की नाही, हे ठरवण्याआधी हा रुग्ण का उठतो आहे, हे विचारले पाहिजे.'

मजकूर त्यांचाच आहे, कठड्यांबद्दल विचारलं त्या दिवशी तोंडातून निघालेला. फक्त दुवे उघडे केले आहेत. यातलं पहिलं आणि दुसरं वाक्य संदर्भाशिवाय उभं राहणार नाही, हे मी दाखवण्याआधीच त्यांना दिसलं. "हे मला माहीत आहे, पण मी म्हटलं म्हणून कोण ऐकणार? शोधावं लागेल." तोवर त्या ग्रंथालयातून सापडेल ते गोळा करत होत्या. आता काय शोधायचं ते ठरलेलं होतं, आणि मिळालेला अभ्यास आपल्या बाजूचा नसला तरी तो कुठे ठेवायचा हे कळत होतं.

संदर्भांची एक वेगळी भीती त्यांच्या मनात होती. लेखकाचं वाक्य आपल्याला त्याच्याइतकं चांगलं लिहिता येणार नाही, म्हणून त्या तेच उचलत, दोन-चार शब्द बदलत आणि पुढे जात. कोणी याला सरळ चोरी म्हणेल. रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकी अभ्यासिकेने १९९०च्या दशकात याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. नवख्या विषयाची भाषा अजून अंगवळणी पडलेली नसते तेव्हा माणूस असं ठिगळकाम करतो, शिकण्याच्या वाटेवरचा तो टप्पा आहे, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं. अर्थात तिथेच थांबून चालत नाही, संस्थांचे नियमही कडक असतात. आम्ही एकच केलं : लेख वाचायचा, पालथा ठेवायचा, आणि आजच रुजू झालेल्या सिस्टरला सांगितल्यासारखं दोन वाक्यांत मोठ्याने सांगायचं. मग तेच लिहायचं, आणि त्यानंतरच लेख सुलटा करून ताडून पाहायचं.

बाकी वेळ गेला तो कामं वेगळी करण्यात. सिस्टर रात्रपाळीनंतर पहाटे फोनवर लिहायच्या, आणि पहिल्या वाक्याचं शुद्धलेखन मनासारखं होईपर्यंत दुसरं लिहायच्या नाहीत. लिहिताना विचार, मांडणी, वाक्यरचना, शुद्धलेखन, शब्दमर्यादा, मार्गदर्शकांचा धाक, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरायला गेलं की काहीतरी सांडणारच. तेवढं धरून ठेवण्याची जागा कोणाच्याच डोक्यात नसते. म्हणून एका दिवशी फक्त बोलून रेकॉर्ड करायचं, दुसऱ्या दिवशी ते ऐकून मुद्द्यांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि मांडून पाहायच्या, तिसऱ्या दिवशी खोडरबर न वापरता लिहायचं. शुद्धलेखन अगदी शेवटी. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८०मध्ये विद्यार्थी आणि मुरलेले लेखक आपला मसुदा कसा दुरुस्त करतात याची तुलना केली तेव्हा फरक स्पष्ट दिसला होता. विद्यार्थी बहुतेक शब्द बदलत राहतात, तर मुरलेले लेखक आधी आपल्या म्हणण्याला आकार देतात. सिस्टरांना मी शब्द बदलायला बंदी घातली, आठवडाभरासाठी. ती त्यांना फार जड गेली.

दुसरा निबंध उत्तीर्ण झाला, पण अगदी सुरळीत नाही. आता त्या इतक्या बोलू लागल्या होत्या की पानोपानी 'माझ्या अनुभवानुसार' आलं आणि मार्गदर्शकांनी त्यावर बोट ठेवलं. रास्तच होतं. अनुभवाने प्रश्न उभा करायचा आणि उत्तरासाठी अनुभवाबाहेरही जायचं, हे मी नीट सांगायला हवं होतं. त्या मात्र या वेळी खचल्या नाहीत. शेऱ्याचं पान दुमडलेलं नव्हतं.

परवा त्या तिसऱ्या निबंधाचा मसुदा घेऊन आल्या. पाचव्या पानावर अर्धी जागा कोरी होती आणि समासात पेन्सिलने लिहिलं होतं : 'इथे दोन्ही अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मला कोणता पटतो आणि का, अजून ठरलं नाही.' मी त्याबद्दल विचारणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "थांबा मॅडम. हे मी आधी लिहून बघते, मग बोलू."