जुन्या गाडीचा टेम्परेचरचा काटा ‘सी’वरून (म्हणजे थंड) हलतच नाही. मीटर गेला का?

मीटरला हात सगळ्यात शेवटी लावा. आधी इंजिन पूर्ण गार असताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बघा. पातळी फार खाली असेल तर सेन्सर कोरडा राहतो आणि काटा खोटं सांगतो. मग थर्मोस्टॅटजवळच्या (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) एकच वायर असलेल्या सेन्सरची वायर काढा, इग्निशन ऑन करून ती क्षणभर इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. काटा ‘एच’कडे (म्हणजे गरम) निघाला? मीटर, वायरिंग दोन्ही ठीक, सेन्सर बदला. नाहीच हलला तर फ्यूज, मग वायर, मग मीटर. शहरात काटा चढतो आणि हायवेला उतरतो, असं असेल तर बहुतेक थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) असलेल्या नव्या गाडीत मात्र वायर टेकवायचा हा उद्योग नको, तिथे स्कॅनरच लावा.