पाचट ठेवलं तर खोडवा पिवळा का पडला?

शिरोळ तालुक्यातल्या एका ऊसवाल्या शेतकऱ्याने पाचट (ऊस तोडल्यावर रानात उरणारी वाळलेली पानं) आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक) यांबद्दल विचारलंय, "साहेब, तुमचं ऐकून गेल्या वर्षी पाचट पेटवलं नाही, सरीत तसंच ठेवलं. दीड महिन्यात खोडवा पिवळा पडला. शेजाऱ्याने काडी लावली, त्याचा हिरवागार. राखेतही खत असतंच की. मग आमचं काय चुकलं?" वाळव्याच्या एका ताईंचा प्रश्न वेगळा आहे: "दरवर्षी एवढा ऊस गाडीत भरून कारखान्याला जातो. त्याबरोबर आमच्या रानाचा कस किती जातो?" दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच, म्हणून उत्तर एकत्र देतो.

आधी पिवळेपणाचं. उसाच्या पाचटात साधारण ऐंशी भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला मात्र पंचवीसेक भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतं. पाचटात ते पुरत नाही, म्हणून ते मातीतलं नत्र उचलतात. म्हणजे उसाच्या ताटातला घास काही दिवस जिवाणू खातात आणि नेमका तोच काळ खोडव्याला फुटवे येण्याचा असतो. हे नत्र कुठे जात नाही. जिवाणू मरतात तसं ते पुन्हा मातीत मोकळं होतं, पण तोवर पीक उपाशी राहिलेलं असतं. पाचट ठेवण्यात तुमची चूक नव्हती. त्याच्यासोबत युरिया टाकायचा राहिला. हा सल्ला आमच्याकडून अर्धाच पोचला असेल, तर तो आज पुरा करतो.

एकरी साधारण चार टन पाचट निघतं. त्यावर ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणकाल्यात कालवलेलं ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन पसरायचं. ऊस तुटल्याबरोबर बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढून घ्या, बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा, मग हे सगळं टाकून पाणी द्या. हा युरिया जिवाणूंचा. खोडव्याचा खताचा हप्ता वेगळा. तो माती परीक्षणाप्रमाणे, पंधरा दिवसांच्या आत, वाफशावर (माती ओलसर असताना, पण चिखल नसताना) पहारीने भोकं पाडून मुळाजवळ द्यायचा. पाचटावर फेकलेलं खत जिवाणूच खातील. रान भारी असेल आणि सरीत पाणी तुंबत असेल, तर पाचटाची यंत्राने कुट्टी करून घ्या.

शेजाऱ्याचा खोडवा हिरवा दिसला, कारण राखेतलं पालाश आणि स्फुरद पिकाला लगेच मिळालं आणि मातीतल्या नत्रात वाटेकरी कोणी नव्हता. पण त्याच्या चार टन पाचटात १८ किलोच्या आसपास नत्र होतं, म्हणजे युरियाच्या गोणीला थोडं कमी. ते बहुतेक सगळं धुरात गेलं. गंधकाचाही बराच भाग गेला. राहिलेली राख पहिल्या वाऱ्याने बांधापलीकडे उडते.

ऊर्जा आणि अन्नद्रव्यं यांची चाल वेगळी आहे, हे इथे कळतं. ऊर्जा रोज सूर्याकडून येते. पिकाच्या अंगात तिच्यातला शंभरातला जेमतेम एक-दोन भाग साठतो आणि मग ती हातोहात पुढे जाते. पान अळी खाते, अळीला बगळा खातो. प्रत्येक पायरीला साधारण दहावा हिस्सा पुढे सरकतो, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. नांगरामागे बगळ्यांची रांग असते ना, ते हुमणी (मातीत राहून मुळं खाणारी अळी) टिपतात. एका बगळ्याचं पोट भरायला किती हुमणी लागते ते बघा, आणि तेवढ्या हुमणीने उसाची किती मुळं खाल्ली असतील त्याचा अंदाज करा. गेलेली ऊर्जा परत येत नाही. नत्र, स्फुरद, पालाश मात्र फिरतात. पाचटातली ऊर्जा तुम्ही अर्ध्या तासात जाळू शकता, नाहीतर तीच मातीतल्या जिवाणूंना आणि गांडुळांना पाच-सहा महिने चारू शकता. पाऊस आल्यावर पाचट हाताने बाजूला सारून बघा. खाली बुरशीचे पांढरे धागे दिसतील, गांडुळांची विष्ठा दिसेल, माती बोटाला ओली लागेल.

आता ताईंचं उत्तर. साखर हवेतला कर्बवायू आणि पाणी यांतून उन्हावर तयार होते. साखरेच्या पोत्यात तुमच्या रानातलं नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ नसतंच! उसाच्या रसाबरोबर गेलेलं स्फुरद बरंचसं प्रेसमडमध्ये (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात) उतरतं आणि पालाश मळीत (साखर काढून उरलेल्या काळ्या पाकात). म्हणून कारखान्याचं प्रेसमड कंपोस्ट मिळत असेल तर सोडू नका, ते तुमच्याच रानातून गेलेलं आहे. वाढ्यांचंही (उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचंही) तसंच. ती जनावरं खातात आणि त्यांतलं पालाश बहुतेक गोमुत्रातून बाहेर पडतं. गोठ्यातलं मूत्र गटारात जात असेल तर फेरा तिथेच तुटला. गोठ्यात पाचटाचा थर अंथरा, तो मूत्र शोषून घेईल, आणि आठवड्याने तो उकिरड्यात टाका. उकिरडाही उघडा ठेवू नका, पावसात त्याचा अर्क वाहून जातो.

गवताळ वाढीचा रोग किंवा खवले कीड जास्त असलेल्या प्लॉटचा खोडवा घेऊ नका. तिथे पाचट ठेवण्याचा हा सल्ला लागू नाही.

आणि शिरोळकरांनो, या वर्षी पुन्हा पिवळेपणा आला तर आधी कुठलं पान पिवळं आहे ते बघा. खालची जुनी पानं फिकट असतील तर नत्र कमी पडलंय. शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात ती खोडव्यात नेहमी दिसते. तिथे युरिया वाढवून उपयोग नाही. एकरी १० किलो हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात मुरवून द्या.