पाजण्याआधी पिल्लू गरम आहे का, ते बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मांजरी गाडीखाली गेली, तिची डोळेही न उघडलेली तीन पिल्लं चपलांच्या खोक्यात, आणि त्यातलं एक ‘गार लागतंय, दूध ओठांतून बाहेर येतंय, थोडी जबरदस्ती करून पाजू का?’ या शेवटच्या वाक्यावर हातातलं काम टाकून लिहायला बसले. नका पाजू. त्या पिल्लाला आत्ता काहीच पाजू नका, आधी ऊब द्या.

ओल्या कापसाने शू-शी करवताय हे तुम्ही लिहिलंच आहे, त्यामुळे त्यात जात नाही. मी डॉक्टर नाही. सात पावसाळ्यांत घरी आलेल्या पिल्लांवरून जे शिकले तेवढंच सांगते.

पहिल्या खेपेला रत्नागिरीत जुलैच्या पावसात चार पिल्लं मिळाली, लाकडाच्या वखारीमागे भिजलेली. सगळ्यात लहान स्वयंपाकघरातल्या काट्यावर 78 ग्रॅम भरलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते. एका दवाखान्यात फोन केला. पलीकडून सांगितलं, गाईचं दूध निम्मं पाणी घालून द्या, पीत नसेल तर ड्रॉपरने थोडं थोडं सोडा. पिल्लू गार आहे का, किती दिवसांचं आहे, कसं धरून पाजताय, एकही प्रश्न नाही. मीही विचारलं नाही. तान्ह्या बाळाला घेतात तसं त्याला हातावर उताणं घेतलं आणि ड्रॉपर दाबला. दोन थेंब नाकातून बाहेर आले. मला वाटलं, निदान काहीतरी पोटात गेलं. पहाटेपर्यंत त्याच्या श्वासाला बारीक कट-कट आवाज यायला लागला. सातला दवाखाना उघडायची वाट बघत पायरीवर बसले होते, तिथेच ते गेलं. आणि वर ऐकायला मिळालं, भटक्या मांजरीची पिल्लं जगत नसतात, कशाला जीव लावता. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. जगत नसतात असं नाही, त्याला कसं जगवायचं हे त्यांना आदल्या रात्री मला दोन मिनिटांत सांगता आलं असतं.

काय चुकलं ते पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी समजावलं. पहिल्या आठवड्यात पिल्लाचं अंग मुळातच 35-36 अंशांच्या आसपास असतं आणि त्याला स्वतःला ऊब धरता येत नाही, कुडकुडताही येत नाही. त्याहून गार पडलं की आतडी चालायची थांबतात. चोखण्याचा, गिळण्याचा जोर जातो. अशात ओतलेलं दूध एकतर पोटात तसंच राहून नासतं, नाहीतर सरळ फुफ्फुसात जातं. म्हणजे ज्याला आपण ‘अशक्त आहे, आधी काहीतरी पोटात जाऊ दे’ म्हणून घाई करतो, त्यालाच ती घाई मारते. माझ्या पिल्लाच्या बाबतीत दोन्ही चुका झाल्या, गार अंग आणि उताणं धरणं.

तर आता हे करा. करंगळी स्वच्छ धुऊन त्याच्या तोंडात घाला. आतून गार लागलं तर दूध बंद. बाटलीत गरम पाणी भरून ती जुन्या सुती साडीच्या दोन घड्यांत गुंडाळा आणि खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येईल. नाहीतर कपड्याच्या आत, छातीशी धरून बसा. मी असंच करते. हेअर ड्रायर नको, इस्त्री तापवून फडकं तर मुळीच नको. हळूहळू, तासभर लागू दे. दर अर्ध्या तासाने बाटली बदला, कारण थंड झालेली बाटली उलट त्याचीच ऊब ओढून घेते. तोंड आतून कोमट लागलं, अंग हलायला लागलं, बोट चोखायला लागलं, की मग दूध. ऊब येऊनही मरगळलेलं असेल तर साखरपाण्याचं बोट हिरडीला लावतात, पण तेवढ्यावर थांबू नका, डॉक्टरकडे न्या.

पाजताना पोटावर, चारी पाय टेकलेले, मान किंचित वर. आईला पितात तसंच. सिरिंज दाबून धार सोडू नका, त्याने ओढलं तेवढंच जाऊ द्या. 100 ग्रॅमच्या पिल्लाचं पोट एका वेळी साधारण 4 मिली घेतं. जास्त प्यायलं म्हणून आनंद मानू नका. या वयात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसरा उपाय नाही.

दुधाबद्दल माझं मत ठाम आहे. गाईचं दूध नको, पाणी घालून तर नकोच. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात. त्यात पाणी घातलं की उरतं काय? शिवाय गाईच्या दुधातल्या लॅक्टोज या साखरेने जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला एका दिवसाचे जुलाब पुरतात. माझं दुसरं पिल्लू तसंच गेलं, तिसऱ्या दिवशी. मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर आणा. दुकानं बंद असतील तर एक रात्र शेळीच्या दुधावर काढतात काही जण, मीही काढली आहे, पण ती रात्रीपुरतीच सोय.

त्याहून चांगलं म्हणजे व्यालेली दुसरी भाटी, म्हणजे मांजरी, मिळाली तर बघा. मासळीबाजारातल्या मावशींना विचारा, कुठल्या फळीखाली कोण व्याली आहे ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. दोन वर्षांपूर्वीची माझी तीन पिल्लं अशीच एका भाटीने आपल्यात घेतली.

पोस्टखाली कुणीतरी ‘पिसवा असतील तर कुत्र्याची पावडर टाका’ लिहिलंय. कृपा करून टाकू नका. कुत्र्यांच्या बऱ्याच पावडरींत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजरांना विष आहे. बारीक दातांच्या फणीने काढा.

आणि बाकी वाचणाऱ्यांसाठी, कारण हे दर पावसाळ्यात होतं: आई मेलेली दिसली नसेल तर पिल्लं लगेच उचलू नका. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही, ती एकेक करून हलवत असते आणि उरलेली तुम्हाला ‘टाकलेली’ वाटतात. अंग गरम असेल, पोट भरलेलं असेल, तर लांबून काही तास लक्ष ठेवा. हात लागला की आई घेत नाही, हेही सहसा खरं नसतं.

तुम्हाला शेवटचं, एक वही करा. रोज एकाच वेळी तिघांचं वजन लिहा. दिवसाला 10 ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. वाढ थांबली की ‘उद्या बघू’ नाही, त्याच दिवशी दवाखाना, आणि तिथे कुणी उडवून लावलं तर दुसरा दवाखाना. नाकातून दूध आलं किंवा श्वासाला आवाज आला तर रात्रसुद्धा थांबू नका.

आता ते गार पिल्लू छातीशी घ्या. तासाभराने तोंडात बोट घालून कसं लागतंय ते इथे लिहा, तिघांची वजनंही टाका. मी तीनपर्यंत जागी आहे.