रियाजात जमणारे गाणे मंचावर बसल्यावर का बिघडते? भीती कशी आवरावी?

आपण लिहिले आहे की घरी ख्याल व्यवस्थित होतो, पण मंचावर बसले की हात गार पडतात, श्वास अपुरा पडतो आणि गाणे पळू लागते. शिवाय पुढच्या महिन्यात गणेशोत्सवात २० मिनिटे गायचे आहे. मी मिरजेत गाणे शिकलो आणि गेली २२ वर्षे लहानमोठ्या बैठकींत गातो आहे. हात माझेही अजून गार पडतात, त्यामुळे भीती कायमची घालवण्याचा उपाय माझ्याकडे नाही. ती गाण्यात कुठून शिरते एवढे मात्र सांगता येईल.

माझ्या अनुभवात ती सुराच्या आधी लयीत शिरते. अ‍ॅड्रिनलीनमुळे छातीचे ठोके वाढले की नेहमीची लय रेंगाळल्यासारखी वाटते आणि आपण नकळत चढी लय सांगून बसतो. माझ्या पहिल्याच बैठकीत मी विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाची (बारा मात्रांच्या तालाची) लय अशीच चढी दिली. आलापाला जागा उरली नाही, तालाच्या तिसऱ्या फेरीत, म्हणजे आवर्तनात, मुखडा (समेकडे नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ) उशिरा उचलला गेला आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली. तबलजींनी ठेका स्वच्छ ठेवला म्हणून पुढच्या समेवर येता आले, पण समोर तानपुरे घडवणारे दोन कारागीर बसले होते, आणि मिरजेत त्या मंडळींपासून काही लपत नाही. तेव्हापासून मी लय मंचावर ठरवत नाही. बारा मात्रांचे माझे आवर्तन घरी साधारण ४८ सेकंदांचे होते, ते मोजून ठेवतो, बसण्यापूर्वी तबलजींना तीच लय हातावर देऊन दाखवतो आणि मी पळालो तरी आपण पळू नये, अशी विनंती करतो.

श्वासाचे म्हणाल तर, घाबरल्यावर तो छातीतच वरवर घुटमळतो, घशाचे स्नायू आवळले जातात आणि खर्जातले, म्हणजे खालचे, सूर आधी दगा देतात. म्हणून आवाज लागला आहे का हे पाहण्यासाठी श्रोत्यांसमोर मंद्र पंचमाकडे (खालच्या सप्तकातल्या ‘प’कडे) जाऊ नये. मध्य षड्जावर (मधल्या ‘सा’वर) स्वस्थ बसावे. तानपुरा जुळवण्याची दोन मिनिटे यासाठीच वापरावीत: तार छेडताना श्वास सावकाश, घेतला त्याहून लांब सोडावा. आपल्या संगीतात श्रोते ही दोन मिनिटे आनंदाने देतात, आणि मोबाइलवरचा तानपुरा लावून लगेच सुरू करणारे गायक ती विनाकारण गमावतात, असे माझे स्पष्ट मत आहे. याशिवाय, ज्याला आपण भीती म्हणतो ती पुष्कळदा स्वतःचा आवाज ऐकू न येण्याची घालमेल असते. मंडपात बाहेरचा गोंगाट असणारच, तेव्हा मॉनिटरमध्ये (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) तानपुरा आणि आपला आवाज पुरेसा मागून घ्यावा.

तयारीसाठी एक उपाय जरा विचित्र वाटेल. तीन मजले जिने भराभर चढावेत आणि धाप लागलेली असतानाच बंदिशीचा मुखडा घ्यावा, म्हणजे धडधडत्या छातीने सम कशी गाठायची याचा सराव होतो. शक्य असल्यास एखाद्या ज्येष्ठ कलाकाराच्या मागे तानपुऱ्यावर बसण्याची परवानगी मागावी. गाण्याची जबाबदारी नसताना श्रोत्यांच्या नजरेसमोर तासभर बसल्याने मंचाची सवय जितकी होते तितकी उपदेशाने होत नाही.

२०१४ साली हार्वर्डमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गाण्यापूर्वी ‘मी घाबरलो आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ असे म्हणणारे अधिक अचूक गायले होते. मला त्या वाक्याने हात गरम झाल्याचा अनुभव नाही, पण करून पाहायला खर्च नाही. काही वादक धडधड आणि थरथर कमी करणारी प्रोप्रानोलोलसारखी गोळी घेतात. दम्याच्या रुग्णांना ती घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

आता आपल्या २० मिनिटांविषयी. विलंबिताला १२ मिनिटे दिली, तरी माझ्या लयीत जेमतेम १५ आवर्तने होतात. एवढ्यात बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार, उरकण्याची घाई होते आणि घाई झाली की ठोके पुन्हा वाढतात. त्यापेक्षा मध्यलय झपतालातली एखादी बंदिश, मग तीनतालातली द्रुत (जलद लयीतली) बंदिश आणि शेवटी अभंग, असा बेत ठेवावा. राग मात्र किमान वर्षभर घोळलेलाच घ्यावा, कार्यक्रमासाठी नव्याने बसवलेला नको.