लावणी वगळू नकोस

अरे, सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या कार्यक्रमासाठी गाणी निवडतोयस ना? धर्म आणि मोक्षासाठी अभंग पटकन सापडतील. पण लावणी गाळू नकोस. काम, म्हणजे शृंगाराची इच्छा, हाही चार पुरुषार्थांपैकी एक आहे, धर्माची चौकट सांभाळणारा. त्याच्याशिवाय मला तरी यादी अपुरीच वाटते.

आणि १९६० च्या ‘जगाच्या पाठीवर’मधलं ‘एक धागा सुखाचा’ नीट ऐक. गदिमांनी अख्खं आयुष्य वस्त्रात मांडलंय: तारुण्याचे रंगीत कपडे, म्हातारपणाची जीर्ण शाल आणि शेवटी, हे विणणारे हात कुणी पाहिले? आपल्याकडे मागावर धागा तुटला की विणकर थांबतो, गाठ मारतो, मगच पुढे. त्या ओळीआधी तूही तसाच थांब. तबलजीलाही आधीच सांगून ठेव.