वाकळीकडून छापचित्राकडे: ही धरसोड आहे का?

प्रश्न: मी अंबाजोगाईचा निवृत्त शिक्षक आहे. माझी मुलगी 26 वर्षांची असून तिने वस्त्रकलेत बी.एफ.ए. केले आहे. जुन्या लुगड्या-धोतरांच्या कापडातून, वाकळीच्या टाक्याने, भिंतीवर लावण्याच्या चौकटी ती तयार करते. पुण्या-मुंबईहून मागणी येते आणि तिचा खर्च त्यातून भागतो. मात्र तिची एक निळी चौकट लोकांना फार आवडल्यापासून बहुतेक ग्राहक 'तशीच एक' मागतात. आता ती म्हणते, की 'हात आपोआप चालतो, डोके चालत नाही. मला लिनो कोरून छापचित्रे करायची आहेत.' (लिनो म्हणजे कोरून ठसा करता येणारे मऊ लिनोलियम.) जमल्यास मुद्राचित्रणात, म्हणजे छापचित्रकलेत, एम.एफ.ए. ही पदव्युत्तर पदवी घेण्याचाही तिचा विचार आहे. तिला एखादी शिष्यवृत्ती मिळू शकेल का? बसलेली घडी मोडून नव्याने सुरुवात करणे मला धरसोड वाटते. आपण काय सांगाल?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील काळजी मी समजू शकतो. मराठवाड्यात कलेवर पोट भरते हेच अनेक घरांत अजून कोणाला पटत नाही, तिथे मुलीने ते करून दाखवले आणि आता तीच त्या कामापासून दूर जाऊ पाहते आहे, हे पाहून कोणत्याही वडिलांना चिंता वाटेल. तरीही धरसोड हा शब्द वापरण्यापूर्वी तिच्या अस्वस्थतेचे कारण नेमके काय आहे ते शोधावे, अशी माझी विनंती आहे. कारण आपल्या पत्रातूनच मला दोन वेगळी कारणे दिसतात आणि दोहोंवरचा उपाय एक नाही.

पहिले कारण मागणीचे. आपण लिहिता, की एक विशिष्ट निळी चौकट लोकांना फार आवडली आणि तेव्हापासून बहुतेक ग्राहक 'तशीच एक' मागतात. अशा वेळी कलावंताला थकवा येतो तो माध्यमाचा नसून पुनरावृत्तीचा असतो आणि माध्यम बदलल्याने तो जात नाही. उद्या तिचे एखादे छापचित्र गाजले, तर लोक तेही 'तसेच' मागतील. यावरचा उपाय व्यवहाराचा आहे: पुन्हा मागितलेल्या नमुन्याची किंमत नव्या कामापेक्षा जास्त ठेवावी, वर्षभरात अशा किती चौकटी करायच्या ते आधीच ठरवावे आणि त्यापुढची मागणी नम्रपणे नाकारावी. ग्राहक तुटेल ही भीती बहुतेकांना असते. माझ्या पाहण्यात मात्र स्पष्ट नकार देणाऱ्या कारागिराविषयी ग्राहकाचा आदर वाढतोच.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. हात आपोआप चालतो, असे जेव्हा चांगला कारागीर म्हणतो, तेव्हा त्याचे कौशल्य पुरेसे पक्के झालेले असते आणि आता त्याला अडचणीची गरज असते. लिनोचा तुकडा तिला ती अडचण नेमकी पुरवेल. वाकळीत धावदोऱ्याचा प्रत्येक टाका कापडावर घातला जातो. म्हणजे चित्र भर घालत पुढे जाते. लिनोमध्ये कोरलेला भाग कागदावर पांढरा राहतो आणि न कोरलेला भाग शाई घेतो. एक काळा टाका कागदावर उमटवायचा असेल, तर त्या टाक्याभोवतीचे सगळे काढून टाकून तेवढा एक तांदळाएवढा उंचवटा जपावा लागतो, आणि तोही उलटा, कारण छापताना उजवे डावीकडे जाते. ज्या मुलीने हजारो टाके न पाहता घातले आहेत, तिला एकेका टाक्यापाशी थांबून विचार करावा लागेल. तिला हेच हवे आहे, असे मला तिच्या वाक्यावरून वाटते.

आता धरसोडीविषयी. जर्मनीत जन्मलेल्या आनी आल्बर्स (1899–1994) या विसाव्या शतकातील थोर विणकर कलावंत. 1922 मध्ये बाउहाउस या कलाशाळेत त्या दाखल झाल्या तेव्हा त्यांना काचकामाच्या कार्यशाळेत जायचे होते. तिथे प्रवेश न मिळाल्याने त्या मागावर बसल्या. 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. आणि 1963 मध्ये, वयाच्या चौसष्टीच्या आसपास, लॉस एंजेलिसच्या एका शिळाछाप (दगडावर चित्र काढून छापण्याच्या) कार्यशाळेत त्यांनी प्रथमच छापचित्रे केली. पुढे विणकाम त्यांनी जवळजवळ थांबवलेच. त्यांची सुरुवातीची छापचित्रे पाहिली तर गुंतलेल्या, एकमेकींखालून जाणाऱ्या रेषा दिसतात. धागा हातातून सुटला असला तरी डोक्यातून सुटलेला नव्हता. आपल्याकडे मृणालिनी मुखर्जी (1949–2015) यांचे उदाहरण आहे. त्यांनी बडोद्याला शिक्षण घेतले आणि दोन दशकांहून अधिक काळ रंगवलेल्या जाड दोरांना गाठी मारून माणसाएवढी शिल्पे घडवली. नंतर त्या मातीकामाकडे आणि पुढे ब्राँझकडे वळल्या, पण वनस्पतीसारखे उमलणारे, घड्या पडलेले आकार तिन्ही माध्यमांत कायम राहिले. ज्याच्या कामातला मूळ ध्यास माध्यमाबरोबर बदलत नाही, त्याला धरसोड करणारा म्हणता येत नाही. आपल्या कन्येचा ध्यास कोणता हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. आपण तिच्या चौकटी ओळीने लावून शांतपणे पाहिल्यात, तर कदाचित आपल्यालाच दिसेल.

या सगळ्याचा अर्थ असा नव्हे, की तिने उद्यापासून सुई ठेवून द्यावी किंवा लगेच एम.एफ.ए.चा अर्ज भरावा. त्याबाबतीत मी आपल्या बाजूचा आहे. ज्या माध्यमात अजून पन्नास चांगले-वाईट छापही काढलेले नाहीत, त्यात दोन वर्षे आणि घरची शिल्लक गुंतवणे योग्य नाही. शिवाय पदव्युत्तर प्रवेशात चांगल्या संस्था केलेले काम पाहतात, आणि ते तिच्यापाशी आज नाही.

म्हणून माझे सुचवणे असे, की दिवाळीची मागणी पूर्ण झाल्यावर तिथपासून पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंतचा काळ तिने प्रयोगासाठी राखून ठेवावा. पावसाळा मुद्दाम टाळला आहे, कारण दमट हवेत हातकागद ओल धरतो. आठवड्याचे चार दिवस वाकळीचे, दोन दिवस लिनोचे; उत्पन्नाची बाजू त्यामुळे कोसळणार नाही. साहित्य फार लागत नाही: लिनोचे तुकडे, दोन-तीन कोरण्या, रबरी रोलर, काळी शाई आणि कागद. यंत्राची गरज नाही; कागद ठशावर ठेवून चमच्याच्या पाठीने सारख्या दाबाने घासले, की स्वच्छ छाप येतो. कागदासाठी तिने दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यास एकदा अवश्य जाऊन यावे. हातकागदाची तिथली परंपरा काही शतकांची आहे, आणि सुती चिंध्यांचा लगदा करून कागद कसा घडतो हे जुन्या कापडात काम करणाऱ्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले बरे.

हात थोडा बसला, की तिने कोलाग्राफ हा प्रकार करून पाहावा, असे मला विशेष वाटते. जाड पुठ्ठ्यावर कापडाचे तुकडे, दोरे, टाके घातलेली पट्टी चिकटवायची, वरून व्हार्निशचा हात देऊन सगळे घट्ट करायचे, शाई भरून जादाची पुसून घ्यायची आणि ओलसर कागदावर दाबाने छाप घ्यायचा. कापडाची वीण, दोऱ्याचा पीळ, टाक्याने पडलेली चुणी असे सगळे कागदावर येते. यासाठी मात्र चांगला दाब देणारा प्रेस लागतो, तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातील किंवा पुण्या-मुंबईतील ओळखीच्या शिक्षकांकडे चौकशी करावी. घरी प्रेस विकत घेण्याचा विचार सध्या नको. आम्ल वापरून धातूच्या पत्र्यावर केले जाणारे कोरीव छापही घरी करू नयेत. त्याच्या वाफा घातक असतात आणि त्यासाठी योग्य कार्यशाळाच हवी.

पैशांच्या बाजूने पाहिले तर छापचित्राचा एक गुण आपल्यासारख्या हिशेबी (हे मी कौतुकाने म्हणतो) माणसाला आवडेल. वाकळीची एक चौकट एकालाच विकता येते आणि तिला कित्येक आठवडे लागतात. एका ठशाच्या मात्र ठरावीक प्रती काढता येतात. प्रत्येकीखाली पेन्सिलीने क्रमांक आणि सही असते. 3/15 म्हणजे पंधरांतील तिसरी प्रत. ज्या ग्राहकाला चौकट परवडत नाही, तो छापचित्र घेऊ शकतो. पण पंधरा ठरवल्यावर सोळावी काढायची नाही, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी लागते. बाजारात विश्वास त्यावरच टिकतो.

प्रयोगाचा काळ संपल्यावर निर्णय कसा घ्यायचा? छापचित्रे सुंदर झाली का, हा प्रश्न मी विचारणार नाही. पहिल्या वर्षी ती फारशी सुंदर होत नाहीत. त्याऐवजी दोन गोष्टी पाहाव्यात. कापडात करता आले नसते असे काही तिला कागदावर करता आले का? आणि लिनोवर काम करू लागल्यानंतरच्या वाकळीत काही बदलले का? पहिल्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर एम.एफ.ए.चा विचार गांभीर्याने करावा. बडोद्याची ललित कला विद्याशाखा, शांतिनिकेतनचे कलाभवन आणि मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय ही नावे त्या वेळी डोळ्यांसमोर ठेवावीत. केवळ दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर छापचित्र ही तिची जोडवाट आहे असे समजून पदवीचा खर्च वाचवावा आणि वाकळीचेच काम पुढे न्यावे. दोन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर एका हिवाळ्याचे थोडे दिवस आणि शाई-कागदाचा खर्च एवढेच गेलेले असेल.

शिष्यवृत्तीबद्दल आपण विचारले आहे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती 18 ते 25 या वयोगटासाठी आहे, त्यामुळे ती आता हातची गेली. परंतु त्याच मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (ज्युनिअर फेलोशिप) 25 ते 40 वयाच्या पदवीधरांसाठी असून ती दोन वर्षे, दरमहा 10,000 रुपये अशी दिली जाते. तिच्यासाठी संशोधनाचा स्पष्ट विषय मांडावा लागतो, आणि मराठवाड्यातील वाकळीचे टाके व त्यांचे मुद्राचित्रणातील रूपांतर हा विषय मला तरी भक्कम वाटतो. अर्जापूर्वी त्या वर्षीची जाहिरात आणि अटी नीट वाचून घ्याव्यात.

या अर्जासाठी आजपासूनच एक वही घालावी. प्रत्येक चौकट आणि प्रत्येक ठसा यांचे माप, साहित्य, तारीख, प्रतींची संख्या आणि चांगल्या उजेडातील छायाचित्र यांची नोंद त्यात असावी. जुनी लुगडी कोणत्या गावाहून, कोणाच्या घरून आली तेही लिहावे. मुलीला हे कंटाळवाणे वाटेल, तेव्हा ही वही आपण स्वतः सांभाळावी. आयुष्यभर हजेरीपट ठेवलेल्या शिक्षकाइतके हे काम दुसऱ्या कोणाला नीट जमणार नाही.